बावीस बायका, एकच अंगठा

ती घटना मी विसरावी म्हणून मला दोन वेळा निरोप आले. विसरलेलो नाही. म्हणूनच लिहितो आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढची सातवी बाहेरून कशीबशी काढली. बाप पेणच्या खाडीला मिठागरावर राबायचा. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. मध्ये कुणाची शिफारस नाही, कुणाचे पाय धरले नाहीत. इथे मी कुणाचं नाव घेणार नाही, ठाण्याचंही नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल.

पावसाळ्यातले मासेमारी बंदीचे दिवस होते. ठाणे अंमलदार म्हणून मी टेबलावर बसलो होतो. रोह्याकडच्या कातकरी वाडीवरची एक बाई आली आणि दारातच उभी राहिली.

"आत ये गो बाय. काय झालं?"

"साहेब, माजी पोर आली नाय. पेनच्या खाडीला कोलंबीच्या शेडवर कामाला हाय. आठवा सरत आला. पयलटकरीन हाय ती."

"भांडून गेलीय का?"

"नाय वो. जाताना बोलली, आये, सातव्यात येते, जुनी लुगडी धुवून ठेव. मी गेली शेडवर बघायला. मुकादम बोलला, तिला यायचं नाय. गेटातूनच हाकलली मला."

मला तेवढं पुरे होतं. आमच्याकडे गरिबातली गरीब पोरसुद्धा पहिल्या बाळंतपणाला आईकडे येते. सासरी करत नाही, तिथे शेडमध्ये करील?

मी साहेबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "मामा, शेड आपल्या हद्दीत नाही. तिकडच्या ठाण्यात पाठवा तिला."

"साहेब, ती तिकडूनच आलीय. त्यांनी इकडे पाठवलंय."

"मग तुम्ही काय करणार?"

"लिहिणार."

माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं. तरी बसून झिरो नंबरने गुन्हा लिहिला, डायरीत नोंद घातली. तक्रार येईल तिथे लिहून घ्यायची, हद्द मागाहून बघायची, असा कायदाच आहे. आणि डायरीत एकदा ओळ पडली की ती कुणाच्या बापाला खोडता येत नाही. साहेब तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझं काही अडलं नाही.

माझा कागद तिकडच्या ठाण्यात आणि प्रांतसाहेबांकडे पोचला, आणि चौथ्या दिवशी सकाळी आम्ही शेडवर गेलो. तिकडच्या ठाण्याचा एक तरुण फौजदार, दोन महिला शिपाई, दोन पंच, प्रांतसाहेबांनी दिलेला माणूस, बंदीतही शेड चालू म्हणून मत्स्य खात्याचे परवाना अधिकारी आणि मी. पोरीच्या आईलाही जीपमध्ये घेतलं होतं. गेटला कुलूप होतं, तेही बाहेरून. हे मी आधी पंचांना दाखवलं, मग राखणदाराला ते उघडायला लावलं.

आत बावीस बायका ओल्या लादीवर बसून कोळंबी सोलत होत्या. शेजारी बर्फाचे ढीग. मुकादम हसत पुढे आला.

"या हवालदार, चहा घेणार?"

"सहायक फौजदार."

"तेच ते."

"तेच ते नाही. खांद्यावर बघ."

परवाना अधिकाऱ्यांनी एक खोका उघडला. कोळंबी नखाएवढी. विचारलं तर मुकादम म्हणाला, "शेठच्या तलावातली हाय. बंदीचा काय संबंध?"

मी खोक्यात हात घातला आणि मूठ वर काढली. "तलावात बोंबलाची पिल्लं कधीपासून पाळायला लागला रे तुझा शेठ?"

मुकादमाचं हसू गेलं. पण बायांच्या बाबतीत तो ठाम होता. सगळ्या मर्जीने राहतात म्हणाला. पोर समोरच होती, पोट गुडघ्यांना टेकलेलं. महिला शिपायाने विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "मी मर्जीनं हाय."

मागून आई ओरडली, "काय बोलतेस गो!" पोरीने वर बघितलं नाही.

फौजदार माझ्या कानाशी आले. "मामा, जबाबच असा आला तर तिला नेणार कसं?"

वर मुकादमाने गेटचं रजिस्टर आणून पुढ्यात ठेवलं. दर रविवारी बावीसही जणी घरी गेल्या आणि परत आल्या, प्रत्येकीचा अंगठा. कागद चोख होता. फौजदार नावं आणि तारखा वाचत बसले. मला अक्षरं हळू लागतात, म्हणून मी अंगठे बघत बसलो.

अंगठे साफ होते. रेष न् रेष उठलेली.

माझी आई कोळंबी सोलून बाजारात विकायची. बर्फ, खारं पाणी आणि कोळंबीच्या डोक्यावरचा तो काटा, हे बोटांच्या रेषा खाऊन टाकतात. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी लागला नाही. मी शाईचा पॅड काढला आणि सगळ्या बायकांचे अंगठे कोऱ्या कागदावर घेतले. नुसते काळे डाग उठले, रेष नावाला नाही.

मग मुकादमाला बर्फाच्या मशीनमागे नेलं. "आता तुझा दे."

"माझा कशाला?"

"चहा पाजणार होतास ना? अंगठा दे."

त्याच्या अंगठ्यावर जुना आडवा काप होता. रजिस्टरच्या प्रत्येक ठशावर तोच काप.

"बावीस बायकांना एकाच जागी कापलं होय रे?"

तो खाली बसला. मी हात उचलला नाही. हात उचलणारा पोलीस घाईत असतो, मला घाई नव्हती. मी समोर बसून राहिलो. मग तो आपणहून बोलला. बंदीत शेठच्या बोटी चोरून समुद्रात जात होत्या. बाया वाडीवर गेल्या असत्या तर बाजारात बोलल्या असत्या, म्हणून गेट बंद. फोन आणि आधार कार्डं काढून कपाटात ठेवलेली. आणि या पोरीचा नवरा बोटीवर. "बोललीस तर तो परत यायचा नाही," असं तिला सांगून ठेवलं होतं.

दुपारच्या भरतीला बोट खाडीत शिरली आणि परवाना अधिकाऱ्यांनी अडवली. जाळ्याची भोकं इतकी बारीक की मूग गळू नये. नवरा काठावर उतरला. त्याला बघितल्यावर पोर आईला म्हणाली, "आये, मला घरी ने."

जबाब पुन्हा लिहिला गेला. बावीस जणींना प्रांतसाहेबांकडून वेठबिगारीतून मुक्तीचे दाखले मिळाले. पाचव्या दिवशी ती वाडीवर बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी धड आहेत.

आणि माझी बदली झाली, जिल्ह्याच्या ठिकाणी, गाड्यांची नोंद ठेवायला. एक गृहस्थ समजावायला आले होते, "रिटायरमेंट तोंडावर आलीय, कशाला अंगावर घेताय?" मी त्यांना दरवाजा दाखवला. बदलीच्या हुकमावर सही केली, ट्रंक उचलली आणि गेलो. माफी मागितली नाही.

एवढ्या नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. "मर्जीने आहे" हे शब्द मीही कितीदा लिहून घेतले आणि सही घेऊन मोकळा झालो. त्यातल्या किती जणांची मर्जी खरी होती, आता कळायला मार्ग नाही. ते माझ्या माथ्यावर आहे. या केसपासून मी नव्या पोरांना एकच सांगतो. माणूस मर्जीने आहे म्हणाला की पेन खाली ठेवा आणि विचारा, तुला आत्ता निघायचं असेल तर दार कोण उघडणार?

खटला अजून चालू आहे. तारखा पडतात. मी धुतलेला सदरा घालून एसटीने जातो, दिवसभर बाकावर बसतो. मागच्या खेपेला शेठचा माणूस शेजारी येऊन बसला. म्हणाला, "आजोबा, गुडघे दुखत असतील. किती तारखा करणार?"

मी म्हटलं, "तुझा शेठ करील त्याच्यापेक्षा एक जास्त."