सात आधी की वीस आधी

"दोनाचा भाग जातो, चाराचाही भाग जातो, म्हणजे आठाचा जाणारच!" असं मी पाचवीच्या वर्गाला खणखणीत आवाजात सांगितलं, आणि दारातून कुणीतरी म्हणालं, "बारा."

गणिताचे मास्तर दारात उभे होते. त्या दिवशी त्यांना यायला उशीर होणार म्हणून हेडमास्तरांनी त्यांचा तास मला दिला होता. मी मराठी शिकवणारा माणूस. दोनाचा आणि तीनाचा भाग गेला की सहाचा जातो, एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं. तीच गाडी मी आठापर्यंत हाकली. बाराला दोनाचा भाग जातो, चाराचा जातो, आठाचा काही जात नाही, हे माझ्या डोक्यात उजेड पडेपर्यंत अख्खा वर्ग हसायला लागला होता. मास्तर आत आले, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि म्हणाले, "या आता तुम्ही."

त्या दिवसापासून शाळेत माझं नाव 'बारामास्तर' पडलं. पोरं पाठीमागून म्हणायची. मास्तर तोंडावर म्हणायचे. माझ्या मुलीच्या बारशाला मी सगळ्या शिक्षकांना बोलावलं आणि त्यांना एकट्याला वगळलं, कारण 'बारसं' या शब्दावर ते काय बोलतील ते मला आधीच ऐकू येत होतं.

मी इथे 'ते' लिहितो आहे हा शिष्टाचार. मनात मी त्यांना 'तो'च म्हणत असे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला समोर येईल ती गोष्ट एकदा ठोकून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आमचे मास्तर आकडे ठोकून बघायचे. शिपायाच्या बिल्ल्याचा नंबर दिसला, की म्हणणार, "तीनाचा जातो." माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात जेवायला आले, मांडवात उभं राहून पंगतीची पानं मोजली आणि मला म्हणाले, "एकसष्ट. कसल्याही सारख्या रांगा लागायच्या नाहीत. एक पान कमी तरी करा." पान कुणाचं कमी करायचं, ते त्यांच्याकडे बघून माझ्या ओठांवर आलं होतं.

एकदा त्यांनी माझं वय विचारलं. मी म्हटलं, बत्तीस.

"दोन, चार, आठ, सोळा," ते म्हणाले. "वाटेल त्यानं यावं आणि भागून जावं."

"आणि तुमचं?"

"सत्तेचाळीस. कुणाचा भाग जात नाही."

खरंच जात नव्हता. बायको नाही, मूल नाही, मित्र तर नाहीच. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की चालत शाळेत यायचे, संध्याकाळी चालत परत. वाटेत कुणी नमस्कार केला तर मान हलवायचे, तीही अशी, की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं.

वर्गात त्यांची एक पद्धत होती. मोठी संख्या तोंडी सांगायची, पोरांनी ती पाटीवर लिहायची, मग डस्टर टेबलावर आपटून ओरडायचं, "पाट्या पालथ्या!" पाट्या पालथ्या झाल्या की एकेक विचारणार: "दोनाचा? चाराचा? नवाचा?" ज्याला भाग जातो असं वाटेल त्यानं हात वर करायचा. भागाकार करून बघायला बंदी. चारासाठी शेवटचे दोन अंक पुरतात, नवासाठी सगळ्या अंकांची बेरीज करावी लागते, अशा कसोट्या त्यांनी घोटून घेतल्या होत्या. हात चुकला की छडी. संख्या फिरून बघायची नाही, पाटी पुन्हा सुलटी करायची नाही, शेजाऱ्याकडे मान वळवायची नाही.

एका वर्षी पाचवीत शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांचा एक मुलगा आला. घरी तेलुगू, आधीच्या चार इयत्ता तेलुगू शाळेत काढलेल्या. उंच, हाडकुळा, बोटांना खळीचा वास. वडिलांचे दोन हातमाग होते. थोरला भाऊ एकावर बसत असे, आणि हा शाळेत चालला नाही तर दुसऱ्यावर बसणार, हे घरात ठरलेलं होतं.

तो चालेना. मास्तरांच्या तासाला रोज मार खाई. पण खाई तो विचित्र पद्धतीनं. चाराचा, पाचाचा, दोनाचा भाग विचारला, की याचा हात हटकून भलतीकडे. जे पहिलीच्या पोरानं सांगावं ते याला येत नसे. आणि तीनाचा किंवा नवाचा विचारला, की एकदाही चूक नाही.

मास्तरांनी याचा अर्थ लावला. सोपं चुकतो आणि अवघड बरोबर येतं, म्हणजे अवघड ते शेजाऱ्याचं बघतो. त्यांनी त्याला एकट्याला कोपऱ्यात बसवलं. तरी तेच. मग म्हणाले, खुणा करतो. तेलुगू पोरं आपसात खुणा करतात. शेवटी त्यांनी हेडमास्तरांना सांगून टाकलं, "चोराला माझ्या वर्गात जागा नाही. याचं नाव कमी करा, नाहीतर दुसरा गणित मास्तर बघा." हेडमास्तर भिडस्त माणूस. त्यांनी मुलाच्या वडिलांना निरोप धाडला, की आठवड्याच्या शेवटी येऊन दाखला घेऊन जावा.

त्याच आठवड्यात मी पाचवीला शुद्धलेखन घालत होतो. 'आकाशात सत्तावीस नक्षत्रे आहेत,' असं वाक्य होतं. पाट्या बघत त्या मुलापाशी आलो तर त्यानं लिहिलं होतं: आकाशात ७२ नक्षत्रे आहेत.

"अरे वा," मी म्हटलं, "ब्रह्मदेवालासुद्धा एवढी जमली नाहीत."

वर्ग हसला. मुलगा हसला नाही. म्हणाला, "तुमीच म्हनला की गुरुजी. सत्तावीस."

"मग सत्तावीस लिही."

"लिवलंय की." त्यानं पाटीवर बोट ठेवलं. "सात पैला म्हनला, सात पैला लिवला. मग वीस."

"तुमच्या घरी काय म्हणतात सत्तावीसला?"

"इरवै एडु. वीस, सात. आमच्यात वीस पैला येतंय. तुमच्यात सात पैला येतंय. मी तुमचं लिवतो."

मी त्याला छत्तीस लिहायला सांगितलं. त्यानं ६३ लिहिलं. पंचेचाळीसचे ५४ केले. मराठीत आपण बारीक आकडा आधी बोलतो आणि मोठा मागून, हे मी जन्मभर बोलत आलो, पण तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि मग एकदम पुढचंही लक्षात आलं. छत्तीसला चाराचा भाग जातो, त्रेसष्टला जात नाही. पण तीन आणि सहाची बेरीज कशीही करा, नऊच. पोरगा चोरी करत नव्हता. पाटी पालथी असल्यामुळे त्याचे उलटे आकडे कुणाला दिसत नव्हते, एवढंच.

मला जो आनंद झाला तो मुलासाठी झाला असं म्हणायला मला आवडलं असतं.

मधल्या सुट्टीत मी मुलाला घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेलो. हेडमास्तर होते, बाकीचे होते, खिडकीपाशी मास्तर डबा उघडून बसले होते.

"मास्तर, याला एक मोठी संख्या सांगा," मी म्हटलं.

"कुठली? बारा?"

सगळे हसले. मी हसू दिलं. मास्तरांनी डबा मिटला आणि म्हणाले, "सत्तावीस लक्ष पंचेचाळीस हजार नऊशे छत्तीस."

मुलानं लिहिलं. पाटी पालथी घालायला लागला तर मी ती हातातून घेतली आणि मास्तरांच्या पुढ्यात उताणी ठेवली. ७२५४९६३.

मास्तरांनी पाटीकडे बघितलं. मला वाटलं होतं मला समजावून सांगावं लागेल, त्यासाठी दोन खरमरीत वाक्यंही मी तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. त्यांचे ओठ हलले. अंक जोडत होते.

"बेरीज तीच," ते पुटपुटले. मग मुलाला म्हणाले, "पाटी पूस. जा."

मुलगा गेला. मी हेडमास्तरांकडे वळून तेलुगूतलं वीस आधी आणि मराठीतलं सात आधी कसं, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "मग नाव कमी करायचं कारण नाही." मी मास्तरांकडे बघितलं. आता तरी काही बोलतील.

"गणितात काही घोटाळा नाही," ते म्हणाले. "घोटाळा भाषेत आहे. म्हणजे तुमच्याच खात्यातला." आणि डबा उघडून भाकरी खायला लागले.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वडिलांनी आठवड्याच्या शेवटाची वाट न बघता त्याला मागावर बसवला, असं शिपाई म्हणाला. वर्गात त्याची जागा रिकामी दिसत होती, आणि मला मास्तरांचा आणखी राग येत होता. मग एके दिवशी मुलगा आपला येऊन बसला होता. हेडमास्तरांचा निरोप पोचला असेल, असं मी धरून चाललो.

त्यानंतर मास्तर संख्या एकेक अंक सुटा करून सांगू लागले. "दोन. सात. चार. पाच." सगळ्याच वर्गांना. त्या मुलाला ते मारायचे थांबले असं मात्र कुणी समजू नये. मारत होतेच, फक्त आता तो खरंच चुकल्यावर मारत. माझ्याशी त्यांचं वागणं तिळभरही बदललं नाही. पुढे वय झाल्यावर शाळा सोडून वैरागकडे आपल्या गावी गेले. खोल्याखोल्यांत जाऊन सगळ्यांचा निरोप घेतला, माझ्या खोलीवरून तेवढे सरळ गेले. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी बराच वेळ वाट बघितली.

मग परवा बाजारात तो मुलगा भेटला. आता मिशा आल्यात, सुताच्या दुकानात हिशेब बघतो. मास्तर गेल्याचं मी सांगितलं तेव्हा तो हातातलं काम सोडून उभाच राहिला.

"गुरुजी, आमच्या घरला आलते त्ये. मला मागावर बसवल्यावर."

"कोण? मास्तर?"

"व्हय की. नायनांनी, म्हंजी आमच्या वडलांनी, वर बगितलंच न्हाय. माग चालूच. मास्तर उभं. लई येळ उभं. बसा म्हनलं तरी बसंनात. मग माग थांबला तसं छातीवर हात ठिवून म्हनलं, 'तप्पु नीदि.'"

"म्हणजे?"

"म्हंजी चूक तुजी." तो हसायला लागला. "शाळंतल्या शिपायाकडनं शिकून आलते. 'तप्पु नादि' म्हनायचं हुतं. चूक माजी. नादिचं नीदि झालं! नायना उठलंच की हातात मागाचा धोटा घिऊन. मारायलाच. मास्तर आपलं परत छाती बडवून तेच, तप्पु नीदि, तप्पु नीदि. आई चुलीपास्नं बगत हुती. ती हसायला लागली. म्हनली, अवो, ह्यो मानूस सोताला मारून घेतोय आन चूक तुमची म्हनतोय, ह्येला बोलता येत न्हाय. मग नायनाबी हसलं. मला म्हनलं, जा उद्यापास्नं. ह्येला आदी तेलुगू शिकव."

हे सगळं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. सांगता सांगता माझा जुना राग पुन्हा वर आला. "बघ म्हणजे! एवढ्या शिक्षकांसमोर मी सिद्ध करून दाखवलं, तर मला म्हणे तुमच्या खात्यातला घोटाळा. आणि तिकडे जाऊन छाती बडवतो. इथे माझ्यापुढे एक शब्द काढायला काय झालं होतं?"

बायकोनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"पोरगं शाळेत येईना झालंय, हे तुम्हालाही कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मास्तरांना पाटी दाखवलीत त्या दिवशी तुम्ही घरी आलात ना, ते दारातूनच कांद्याची भजी कर म्हणत आलात," ती म्हणाली. "आणि मीही मेली तळत बसले."