ब्रेक शिकवणाऱ्या सिस्टर

"पडायच्या आधी नजर कुठं होती?"

मोटारसायकलवरून पडून कुणी दवाखान्यात आलं, की आमच्या सिस्टर जखम धुता धुता पहिला प्रश्न हा विचारायच्या. नाव-गाव नंतर. गुडघ्यातली खडी चिमट्यानं निघत असताना असल्या प्रश्नाला कोण नीट उत्तर देणार? माणूस कळवळत म्हणायचा, "खड्ड्याकडं बघत होतो की, चुकवायला."

"म्हणून तर त्यातच गेलास," असं म्हणून सिस्टर पट्टी गुंडाळायला घ्यायच्या.

कळंबच्या त्याच दवाखान्यात मी औषधं द्यायच्या खिडकीत बसायचो. माझी खिडकी आणि त्यांची ड्रेसिंगची खोली यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती, त्यामुळे हे संवाद मला रोज ऐकू यायचे. तुम्ही कधी तालुक्याच्या दवाखान्यात घटकाभर बसला असाल, तर तुम्हीही पाहिलं असेल. बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत, ऊसतोड सुरू झाली की दुचाकीवरून पडलेल्यांची रांग लागते. कुणाचं ढोपर, कुणाचं मनगट, कुणाचं डोकं. आम्ही त्याला नेहमीचं काम म्हणायचो. सिस्टरांना ते नेहमीचं वाटत नव्हतं.

त्या मूळच्या नळदुर्गच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. बांधा बारका, आवाज मात्र वॉर्डच्या पार टोकाला पोचणारा. कामावर यायच्या त्या गिअरच्या मोटारसायकलवर. त्यांच्या यजमानांना गाडी येत नव्हती. ते शिंपीकाम करायचे. मांडीवर कापडाची पिशवी घेऊन ते मागं बसायचे आणि बाजारात सिस्टर त्यांना दुकानापाशी उतरवायच्या. कुणी थट्टा केली, तर ते शांतपणे म्हणायचे, "मला मागं बसायला आवडतं. इकडंतिकडं बघता येतं."

एकदा हे दोघं येरमाळ्याच्या घाटात पडले. वळणावर समोर ट्रक आला, सिस्टरांनी मागचा ब्रेक दाबून धरला, चाक अडकलं आणि गाडी घसरत गेली. यजमानांना फक्त खरचटलं. सिस्टरांचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

हाड जुळलं. आम्हाला वाटलं, आता त्या एसटीनं येतील. त्या रजा काढून पुण्याला गेल्या. तिथं मोटारसायकल नीट चालवायचं पुढचं शिक्षण देतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. महागड्या गाड्यांवरच्या तरण्या मुलांमध्ये ही पन्नाशीतली बाई. परत आल्या तेव्हा चेहरा उन्हानं रापला होता. खिडकीशी येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, इतकी वर्षं गाडी चालवली, आणि थांबवायची कशी ते आत्ता कळलं."

तो नजरेचा प्रश्नही त्या तिथूनच घेऊन आल्या होत्या. माणूस जिकडं बघतो तिकडं गाडी जाते. संकटाकडं टक लावलं की गाडी संकटातच शिरते. बघायचं ते मोकळ्या जागेकडं.

थोड्याच दिवसांत त्यांनी ठरवलं, की कळंबमध्ये नव्या चालकांसाठी रविवारी सकाळी वर्ग घ्यायचा. आमचे मोठे डॉक्टर त्यांना समजावत म्हणाले, "सिस्टर, नव्या पोरांना असलं काही शिकवू नका. आधी रस्त्याची सवय होऊ द्या. जास्त आलं की पोरं जास्त उडतात."

"सर, रस्त्याची सवय होईपर्यंत ती आपल्याकडंच येत्यात की," सिस्टर म्हणाल्या.

मलाही डॉक्टरांचंच पटलं होतं. लायसन मिळालं, महिनाभर गल्लीत चालवली की गाडी येते, अशीच आम्ही सगळे शिकलो. पण माझ्या मुलीला धाराशिवला कॉलेजला जायला नवी गाडी घेतली होती, आणि तिनं पहिल्याच दिवशी नाव दिलं.

धान्याचा बाजार रविवारी बंद असायचा. तिथल्या मोकळ्या आवारात विटा मांडून सिस्टर शिकवायच्या. आपल्याकडं सगळ्यांच्या डोक्यात एक भीती पक्की बसलेली असते, की पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो. सिस्टर पोरांना विचारायच्या, "म्हशीची धार काढली का कधी? सडाला हिसका दिला तर काय होतं?"

"लाथ बसती."

"मग ह्या ब्रेकलाबी हिसका न्हाय द्यायचा. दोन्ही ब्रेक घ्यायचे, पण पुढचा हळूहळू आवळत जायचा. गाडी लवकर थांबवायची ताकद त्याच्यात जास्त हाय."

घाबरलेल्या पोरींच्या शेजारून त्या पळायच्या आणि "निधान, निधान" म्हणायच्या. कानडीत त्याचा अर्थ हळू. काही दिवसांनी सगळा वर्गच एकमेकांना निधान म्हणायला लागला.

वर्गात एका आडत दुकानदाराचा मुलगा होता. नुकतंच लायसन मिळालेला, हात चांगला, सगळ्यांत आधी सगळं जमवणारा. एका संध्याकाळी बसस्टँडच्या रस्त्यावर मित्रांना ब्रेक मारून दाखवायला म्हणून तो वेगात आला आणि पडला. पायाचं हाड मोडलं. आमच्याकडंच आणलं.

मागोमाग त्याचे वडील आले. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा. ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात उभे राहून ते सिस्टरांना म्हणाले, "पोरगं साधं चालवत होतं. तुम्ही शिकवून बिघडवलं."

भिंतीपलीकडून मी उत्तराची वाट बघत होतो. फक्त कापूस फाडल्याचा आवाज आला. सिस्टरांनी पाय फळीला बांधून दिला, मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडीत घालेपर्यंत त्या सोबत राहिल्या, आणि पुढचे काही रविवार वर्ग बंद राहिला.

मग एके दिवशी ड्यूटी संपल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, अण्णांच्या घरी यायचं का माझ्यासंगं?"

आम्ही गेलो. मुलगा पाय उशीवर ठेवून पडला होता. अण्णांनी आम्हाला बसा म्हटलं, पण स्वतः बसले नाहीत. सिस्टरांनी मुलाला तोच प्रश्न विचारला.

तो म्हणाला, "पोरं बघायलीत का, ते बघत होतो."

अण्णा भिंतीला टेकले. सिस्टर त्यांच्याकडं वळल्या. "अण्णा, तुमचं खरं होतं. म्या त्याला थांबायचं शिकवलं, पण कशापायी शिकायचं ते न्हाय शिकवलं. चूक माझी हाय. पण वर्ग बंद करणार न्हाय. बदलणार हाय."

"कसा?"

"मुलासंगं आईबापानंबी यायचं. तुम्हीबी या."

वर्ग पुन्हा सुरू झाला तो वेगळाच. आता सुरुवातीलाच शर्यत लागायची, पण सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकणार. पाय टेकला की बाद. हळू चालवायला किती कसब लागतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. अण्णा बाजारात उभं आयुष्य गाडी चालवलेले. गाडी सुरू केली, दोन विटा ओलांडल्या आणि पाय टेकला. पोरं हसू दाबून उभी होती. अण्णा स्वतःच हसले, म्हणाले, "ह्ये अवघड हाय की." त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले. मुलगा कुबड्या घेऊन कडेला बसायचा आणि बापाला ओरडायचा, "अण्णा, निधान."

सिस्टरांनी आणखी एक गोष्ट वाढवली. प्रत्येकानं आठवड्यात आपण कुठं मागं राहिलो, कुणाला पुढं जाऊ दिलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. सुरुवातीला पोरं लाजली. पुढं पुढं त्यात चढाओढ लागली.

त्या वर्षी ऊसतोडीच्या हंगामात माझी मुलगी एका संध्याकाळी घरी आली आणि थेट जेवायला बसली. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाली, "बाबा, अंधारात उसाची ट्रॉली एकदम पुढ्यात आली. मागं दिवा नव्हता." तिचा हात ताटातच थांबला होता. तिनं ब्रेक आवळत नेला होता, ट्रॉलीच्या कडेची मोकळी साइडपट्टी बघितली होती आणि तिथं जाऊन उभी राहिली होती. "मग बराच वेळ तिथंच थांबले."

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना हे सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या. कामाच्या वेळी त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. पदरानं त्यांनी डोळे पुसले. मग उठून म्हणाल्या, "शिकवणीनं वाचली असं गावभर सांगू नका, भाऊ. लोकांना वाटंल, शिकलं की पडत न्हाय. ट्रॉलीला दिवा असता तर शिकवणीचं कामच पडलं नसतं. शिकून काय मिळतं? वाचायला जो एवढासा वेळ असतो, त्यात हातपाय गोठत न्हाईत. तेवढंच."

"तेवढ्यासाठी एवढी खटपट?"

"तेवढ्यासाठीच," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सेवानिवृत्त झाल्यावर सिस्टर आणि त्यांचे यजमान नळदुर्गला गेले. कळंबचा वर्ग आता अण्णा आणि माझी मुलगी बघतात. ड्रेसिंगच्या खोलीत नव्या सिस्टर आल्यात. चांगल्या आहेत, कमी बोलतात. भिंतीपलीकडं शांत असतं, आणि ती शांतता मला अजून सवयीची झालेली नाही.

परवा सोलापूरला जायचं निघालं, म्हणून वाट वाकडी करून नळदुर्गला उतरलो. रविवार होता. हायवेपासून थोडं आत एका रिकाम्या मैदानावर सिस्टर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारत होत्या. यजमान झाडाखाली पाण्याची घागर राखत बसले होते. मैदानात दुसरं कुणीच नव्हतं.

"आज कुणी आलं नाही?" मी विचारलं.

"मागल्या रविवारीबी न्हाय," यजमान म्हणाले. "त्याच्या आधी एक आला होता."

सिस्टर माझ्याकडं बघून हसल्या, पण हात थांबला नाही. हायवेवरून ट्रक गेले की वारा यायचा आणि फक्की उडून रेघ पुसट व्हायची. त्या मागं जाऊन ती पुन्हा ठळक करायच्या. उन्हात बराच वेळ त्यांचं हेच चाललं होतं. आम्ही दोघं बघत होतो. थांबा म्हणायची आमची कुणाचीच छाती होत नव्हती.

मग एक बाई मोपेडवरून मैदानाच्या कडेला थांबली. पुढं भाजीची पिशवी, डोक्याला रुमाल. "काय चाललंय इथं?" तिनं तिथूनच विचारलं.

सिस्टरांनी पांढरे झालेले हात झटकले. "या," त्या म्हणाल्या, "आधी पिशवी उतरवा."