सासूबाईंचा धडा

नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास आला की मला बजाजनगरच्या आमच्या खोलीतली ती प्रार्थनासभा आठवते. दुष्काळ होता, पाणी टँकरचं. चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, आता तुम्हीच एकमेकांना बायबलमधलं वचन शिकवा. त्या दिवशी पाळी सासूबाईंची होती. घोटभर पाणी सांडलं तरी मला धारेवर धरणाऱ्या सासूबाई! येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा भाग त्यांनी वाचला, पुस्तक मिटलं, पिण्याच्या हंड्यातून तांब्या भरला आणि सगळ्यांदेखत माझ्या पायाशी बसल्या. “आई, हे काय? नका ना!” मी पाय ओढून घेतले. “गप बस. पाय दे इकडं.” गार पाणी पडलं तसा अंगावर सर्रकन काटा आला. येत्या रविवारी शिकवायची पाळी माझी आहे. भाग तोच आलाय, आणि आता माझी सून समोरच बसते.