मामाच्या कानातला बोळा

चहा घ्या, पण एक सांगून ठेवतो. जो मध्येच हसेल त्याच्या लग्नात माझा भोंगा वाजणार नाही! कारण ही फजिती आठवली की अजूनही माझं डोकं तापतं.

कॅसेटचा जमाना होता. कनेरगाव नाक्यावर माझं लाउडस्पीकरचं दुकान. डोंगरकडा गावात माझ्या अक्काच्या पोरीचं, सुमनचं लग्न निघालं. मी मामा. म्हणजे नवरीला बोहल्यावर आणायचा मान माझा. आणि भोंगेही माझेच, फुकट!

सकाळी लिंबावर चढून भोंगे बांधले. खाली उतरतो तर अत्तरवाला हजर. त्यानं अत्तराचा फाया, म्हणजे कापसाचा बोळा, माझ्या कानात खोचला. तो पडला. दुसरा खोचला, तोही पडला. माझं डोकं फिरलं! तुमचं फिरलं नसतं? दोन फाये घेतले आणि दोन्ही कानांत बोटानं गच्च कोंबले. आता पडा म्हटलं!

झालं! माझ्या लाउडस्पीकरच्या सेटचा आवाजच बसला. गाणं जणू विहिरीच्या तळातून येतंय. मी माइक झटकला, वायर बदलली, अँप्लिफायरला चापट्या हाणल्या, शेवटी आवाजाचं बटण पार टोकापर्यंत पिळलं. तरी तेच! इथं माझा धंदा बुडतोय आणि माणसं खुशाल कानांवर हात ठेवून उभी!

मुहूर्त जवळ आला. आमच्याकडे मामाला माइकवरून बोलावतात, मगच तो नवरीला आणायला उठतो. मी मांडवामागं जनरेटरजवळ खुर्ची टाकून बसलो. कापडाच्या फटीतून सगळं दिसत होतं. अक्षता वाटल्या, अंतरपाट आला, नवरदेव उभा राहिला. मला कुणी बोलावीना.

असा संताप आला म्हणता! भोंगे पाहिजेत आणि मामा नको? हे सगळं दाजींचं काम, मी ओळखलंच. तेवढ्यात दाजी धावत आले. हातवारे चालू, ओठ हलतायत, आवाज काही नाही.

"आता काहून आले?" मी ओरडलो. "माइकवर माझं नाव घ्यायला तोंड दुखून राहिलं व्हय?"

दाजींचे ओठ पुन्हा हलले.

"मोठ्यानं बोलायची बी लाज वाटून राहिली? मी चाललो! करा दुसरा मामा!"

पिशवी उचलून निघालो तर अक्का आडवी. मेंढरांमागं जन्म गेलेली बाई, हाताला काय ती पकड! लहानपणी धरायची तसा माझा कान धरला आणि पिळला. त्या कानातला बोळा टपकन खाली.

अरे देवा! डोक्यावरच्या भोंग्यातून भटजी किंचाळत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं हो! मामा! अहो मामा!"

"कवाधरनं बोलवून राहिलो!" अक्का रडत होती. "साऱ्या गावाला ऐकू येऊन राहिलं, तुलाच काहून न्हाई?"

दुसऱ्या कानातला बोळा उपटून फेकत मी पळत सुमनकडे गेलो. पोरीचे डोळे सुजलेले. "मामा, तुमी माझ्यावर रागावले व्हय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला घेऊन बोहल्यावर आलो, पण कुणाकडे बघायची सोय नव्हती.

जेवणं झाल्यावर वरबाप माझ्याशेजारी येऊन बसले. शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना तर विषयच सापडला!

"मामा, कान म्हंजे तुमचाच सेट. बाहेरचा कान भोंगा, फक्त उलटा, आवाज गोळा करणारा. आत पडदा, तो माइकवानी थरथरतो. त्याला लागून तीन इवलाली हाडं, ती थरथर जोरकस करून पुढं ढकलतात, तो तुमचा अँप्लिफायर. मंग शंखासारखी नळी, तिच्यात पाणी. पाणी हललं की आतले बारीक केस हलतात, अन् तिथून नस म्हंजे वायर, थेट मेंदूत. मागच्यानं दिलं न्हाई तर पुढचा काय करील?"

"मंग माझ्यात बिघाड कुठं व्हता?"

"कुठंच न्हाई. सेट बराबर हाय, दारातच बोळा कोंबला तुमी!"

"हळू बोला की!" मी खेकसलो.

"हळूच बोलून राहिलो, मामा."

खरंच हळू बोलत होते हो! पण वायर गुंडाळायला घेतलेला माइक माझ्या मांडीवर होता, चालू. आणि बटण मीच टोकापर्यंत पिळलेलं. अख्ख्या डोंगरकड्यानं कानाचा धडा ऐकला.

आजही तिथल्या लग्नात अत्तरवाला सगळ्यांच्या कानात फाया खोचत येतो, आणि माझ्यापाशी आला की म्हणतो, "मामा, तुमी हात पुढं करा."