सेनोबियोची शिकार

उत्कुबांबा नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या सेनोबियोला खेचरं वळवता येत, बायका नाही. खेचरांशी तो तासन्‌तास बोले. बाईमाणूस समोर आलं की जीभ टाळ्याला चिकटे. असं करता करता पोट सुटलं, दाढी पिकली. मरताना त्याची आई म्हणाली, "तुझं लग्न बघायला थांबले असते रे, पण वर देव कंटाळलाय."

त्याच्या मनात एर्मेलिंदा होती. विधवा, घरभर गिनीपिग पाळणारी. पाद्रीसुद्धा तिच्या तोंडी लागत नसे. शेजारच्या खोऱ्यातला एक बटाटेवाला कोंबड्या घेऊन तिच्या दारात येऊ लागला, तेव्हा सेनोबियोचं धाबं दणाणलं.

आमच्याकडे यावर एकच औषध. डोंगरातल्या हमिंगबर्डचं काळीज वाळवून खाल्लं की बाई आपणहून चालत येते, असं म्हातारे सांगतात. सांगणारे म्हातारे बहुतेक एकटेच झोपतात, ही गोष्ट वेगळी.

सेनोबियो बेचकी घेऊन ओढ्यावरच्या झुडपात जाऊन बसला. धुकं पानापानावरून उतरत होतं. तेवढ्यात नर आला. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर निळा तुरा, गळा हिरवा लखलखीत, आणि शेपटीतून निघालेल्या दोन लांब काड्यांच्या टोकांना एकेक जांभळी चकती. फांदीवर मादी बसली होती, साधी, मळकट, कंटाळलेली. नर तिच्यासमोर हवेत उभा राहिला आणि त्या चकत्या डोक्यावर नेऊन असा काही नाचवू लागला, की सेनोबियोचा हात तसाच राहिला. मादीनं चोच साफ केली. नर धापा टाकत फांदीला लटकला आणि पुन्हा उठला.

"कोण रे झुडपात? बाहेर ये, नाहीतर विळा फेकीन!"

गिनीपिगांसाठी गवत कापायला आलेली एर्मेलिंदा होती.

"मी... सेनोबियो, बाई."

"ती बेचकी कशाला?"

"काळजासाठी."

"कुणाच्या?"

"पाखराच्या. खायला. म्हणजे... तुमच्यासाठी."

एर्मेलिंदा हसली ती हसतच खाली बसली. "अरे, माझ्या नवऱ्यानं मूठभर खाल्ली होती! गुण आला, नाही कशाला म्हणू? पण पलीकडच्या गावातल्या कासिल्दाकडे."

"मग तो बटाटेवाला काय खातो?"

"आणलेली कोंबडी. सगळी. हाडंसुद्धा चोखतो मेला."

सेनोबियोनं बेचकी खिशात कोंबली. "मारवलं नाही हो मला. किती जीव काढतोय बिचारा, आणि ती बघतही नाही."

"बघते," एर्मेलिंदा विळा पुसत म्हणाली. "दाखवत नाही. चल, उचल तो भारा."

आमच्याकडे गिनीपिगांचं गवत बायकाच वाहतात. पुरुषानं भारा घेतला की त्या घरात त्यानं संसार मांडला असंच गाव समजतं. सेनोबियोला हे ठाऊक होतं. भारा डोक्यावर घेऊन तो लाजत ओढ्याकाठच्या आडवाटेला वळला.

"तिकडून नाही," एर्मेलिंदा म्हणाली. "चौकातून."

चौकात दारूच्या दुकानापुढे बटाटेवाला बसला होता, मांडीवर कोंबडी. कुणीतरी शिट्टी मारली. गवत सेनोबियोच्या कानात टोचत होतं, नाकात शिरत होतं, समोरचं धड दिसत नव्हतं. तो सावकाश, बटाटेवाल्याच्या अगदी पुढून चालला.

मागून आवाज आला, "पोट आत घे."

त्यानं घेतलं.