भिंतीवरचा तेलाचा डाग

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मधल्या दाराशी कट्ट असा आवाज आला आणि मी म्हणालो, "आई, थांब, आलो."

आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आवाज माझ्याच गुडघ्यातला होता. खाली पडलेला चष्मा उचलून मी उठत होतो, आणि उठताना माझा हात भिंतीवर नेमका तिच्या डागावर टेकला होता.

तो डाग तिच्या तळहाताचा. गुडघ्याला आमच्याकडं टोंगळा म्हणतात. लोखंडी पळीत जवसाचं तेल, लसूण आणि ओवा कढवून आई रोज पहाटे दोन्ही टोंगळे चोळायची, मग त्याच तेलकट हातानं भिंत धरून उठायची. आधी कट्ट, मग तिचा "हां". बारा-पंधरा वर्षं माझी सकाळ त्या दोन आवाजांनीच सुरू झाली. दिवाळीला आम्ही चुना मारायचो आणि संक्रांतीपर्यंत हात परत वर यायचा. ती गेल्यावर मी घराला चांगला रंग दिला, तर पिवळट होऊन तो त्यातूनही आला. रंगारी म्हणाला, "गुरुजी, भिंत तेल पेली हाय. प्लास्टर खरवडल्याबिगर जात नाही." खरवडायला मी सांगितलं नाही.

जानेफळहून बसनं थोडं आत आमचं गाव. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. तो कागद मिळाला तेव्हा आईनं त्याला हळदीकुंकू लावलं होतं. कोपऱ्यावर हळदीचं बोट अजून दिसतं. तिचे उपकार सांगायला लागलो तर लोक म्हणतात, सगळ्यांच्याच आया राबल्या. ते खरंच आहे. पण माझ्यापाशी एक गोष्ट आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही.

बी.ए.चं शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. निंदणाचे, वावरातलं तण काढायचे दिवस होते. आमच्या गावात बाया सावडीनं निंदतात. आज सगळ्या तुमच्या वावरात, उद्या तुम्ही त्यांच्या. आमचं निंदण उरकलं होतं आणि दुसऱ्यांकडचे आठ दिवस आईला फेडायचे होते. सावड बुडवली तर पुढच्या वर्षी आपल्या बांधावर कुणी येत नाही. नेमका तेव्हाच तिचा उजवा टोंगळा सुजून भोपळ्यासारखा झाला. मी तिला तालुक्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. दुखणं थांबेल, पण गुडघा बरा झालेला नसेल. त्यांना उकिडवं बसू देऊ नका. समजावून सांगा."

एसटीत आई पाय लांब करून दुमडत होती, परत लांब करत होती. समोरच्या बाईला म्हणाली, "पाय माहा नवाच झाला, बापा." मग मला विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

मी म्हणालो, "बरं वाटीन म्हणे."

एवढंच. मी विसरलो नव्हतो. बाकीचं सांगितलं असतं तर ती घरी बसली असती, आणि ते आठ दिवस खुरपं घेऊन बायांच्या पातीत, त्यांच्या रांगेत, मला बसावं लागलं असतं. माझ्या अंगात तेव्हा इस्त्रीचा शर्ट होता. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघालो, तेव्हा रस्त्याकडच्या वावरात आई पातीत सगळ्यांच्या पुढं होती. तिनं खुरपं वर करून हलवलं. मी बसच्या खिडकीतून हात केला.

तशी इंजेक्शनं तिनं पुढं आणखी घेतली. दर वेळी दुखणं थांबायचं आणि दर वेळी ती पातीत जाऊन बसायची. शेवटची दोन वर्षं ती घरात बसल्या बसल्या सरकायची. सुईला मी दोष देत नाही. सुईनं आपलं काम केलं.

म्हणून या हिवाळ्यात माझ्या डॉक्टरांनी, "सध्या एक इंजेक्शन देऊ का? काही दिवस आराम पडेल," असं विचारलं, तेव्हा मी नको म्हणालो. मी विचारलं, सुईशिवाय काय करता येईल? ते म्हणाले, करता येईल, पण रोज करावं लागेल आणि सावकाश गुण येईल.

बायको वैतागली. "घेऊन टाका ना. लोकं घेऊनच राह्यले. तुमचाच टोंगळा काय सोन्याचा हाय?"

"मी सुई घेतली तर परत जमिनीवर बसीन," मी म्हणालो.

"मंग बसू नका."

"दुखलं नाही की माणूस बसते."

 

मेहकरला व्यायाम शिकवणारी एक मुलगी आहे, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, मांडी आवळून ती दाबायची, दहा मोजायचे. पाय सरळ उचलून धरायचा. वजन उतरवायचं. शेक द्यायचा. रोज सपाट रस्त्यानं चालायचं. तिनं माझी काठी पाहिली आणि म्हणाली, "काका, दुखऱ्या पायाकडं नाही. दुसऱ्या हातात धरा."

मी काठी हात बदलून धरली, चार पावलं चाललो, आणि खुर्चीवर बसलो. आई जन्मभर काठी दुखऱ्या बाजूलाच धरत होती. आमच्याकडं सगळेच तशी धरतात. "काका, दुखलं का?" मुलीनं विचारलं. मी हो म्हणालो.

आता मी तेरवीच्या पंगतीतही खुर्ची मागतो. शेजारच्यानं टोमणा मारला, "काऊन गुरुजी, जेवणाची तपासणी हाय का आज?" लोक हसले. मीही हसलो आणि खुर्चीवरच जेवलो. दुखणं गेलेलं नाही. जिना मी आता न थांबता चढतो, उतरताना मात्र कठडा लागतो. थंडीच्या सकाळी पहिली पावलं कठीण जातात. पण उठतो.

गेल्या महिन्यात मधल्या दाराशी स्टीलची मूठ बसवून घेतली. मिस्त्रीनं विचारलं, "किती उंचीवर घेऊ?" मी डाग दाखवला.

"इतकी खाली? तुम्ही तर उंच हाय, सर."

"उठायचं खालूनच असते," मी म्हणालो. "पण डागावर नको. बाजूला घे."

भोकं पाडताना भिंतीचा चुरा पडला. त्याला वास येतो का, ते मी हातात घेऊन पाहिलं.

त्या खोलीतच मी सकाळी व्यायाम करतो. पाय लांब, गुडघ्याखाली टॉवेल, समोर भिंतीवर तिचा तो हात. परवा दहा मोजून झाले आणि मी मोठ्यानं बोललो, "उकिडवं बसू नको म्हणे डॉक्टर."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "बसून कोण राह्यलं? चहा घ्या."

मी मूठ धरून उठलो. कट्ट झालं. तिच्या "हां"साठी मी थोडा वेळ तिथंच थांबलो.