सोनाबाईंची गळाभेट

सोनाबाईंकडे कोणी माहेरचं आलं की आष्टीतली आमची गल्ली कान टवकारायची. पाहुणी दारात दिसताच त्या तिच्या गळ्यात पडायच्या आणि दोघी सुरात रडू लागायच्या. बंजाऱ्यांची ती रीतच. गेल्या भेटीपासूनची लग्नं, बाळंतपणं, मरणं, सगळं त्या रडण्यात गाऊन सांगायचं. ऐकणारीनं गाऊनच जबाब द्यायचा. मग डोळे पुसून चहा. मी शेजारीण. नवी नवरी होते तेव्हा कोणी गेलं की काय म्हणून धावत गेले, तर सोनाबाई मलाच हसल्या. "तुम्ही लोक नुसतं 'बरं हाये का' इचारता. त्यात काय कळतं?"

फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. धाकटी बहीण केसरी लहानपणीच तेलंगणातल्या तांड्यात दिलेली. तिचा फोन आला की "जित्ती हायेस ना? बस," म्हणून ठेवून द्यायच्या. सुखदुःख सांगायचं ते गळ्यात पडून, हा दोघींचा हट्ट.

कित्येक वर्षांनी केसरीबाई आल्या. अंगणात मिठी पडली. एक गायली, दुसरी गायली. सूर असा जुळला की माझेही डोळे भरले. आणि एकदम केसरीबाईंनी मिठी सोडली. चेहरा पांढराफटक. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बाई, मेरा बेटा मर गया. तू उसकी शादी गा रही है."

सोनाबाई मटकन खाली बसल्या. बहिणीच्या बोलीत इतकी तेलुगू शिरली होती आणि यांच्या बोलीत इतकी मराठी, की त्या गाण्यातलं 'माझा लेक' एवढंच त्यांना उमगलं होतं. तेवढ्यावर त्यांनी हौसेनं भाच्याची वरात काढली होती.

"पोराचं मरण सांगाया आल्ती ती," संध्याकाळी माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या. "मला बिलकुल कळलं न्हाई. एका आईचं दूध पिलो आम्ही, अन् भाचा गेल्याचं मला बाजारातल्या हिंदीत कळलं!"

गेल्या वर्षी सोनाबाई गेल्या. केसरीबाई आल्या, उशाशी बसून गाऊ लागल्या. भोवती सुना आणि नाती, सगळ्या घरात मराठीच बोलणाऱ्या. केसरीबाई एक ओळ म्हणायच्या, जबाबासाठी थांबायच्या, कोणी काही म्हणेना तशी पुढची ओळ घ्यायच्या. नाती एकमेकींकडे बघत होत्या. इतक्या बायका, आणि एकीलाही ते रडणं कळत नव्हतं.

शेवटी केसरीबाईंनी गाणं तोडलं, सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हिंदीत म्हणाल्या, "कोई तो बोलो."